एका जाजमावर : सावित्रीबाईंच्या सेवा मंडळापासून नागपूरच्या जाईबाईंपर्यंत

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेत चळवळीच्या इतिहासावर काहीतरी लिहा, असे समितीच्या बंधूंनी मला सांगितले. मी काही लेखक नव्हे. गिरणीत काम करणारा माणूस, वाचनाची आवड आहे एवढेच. चवदार तळे, पुणे करार, धम्मदीक्षा या विषयांवर आपल्याकडे दर वर्षी लिहिले जाते आणि लिहिलेच पाहिजे. पण या वेळी मी ठरवले, की आपल्या बायांवर लिहायचे.

त्याला कारणही घडले. पौर्णिमेला विहारात गेलो. वंदना झाली, भाषणे झाली, खीरदान झाले. मग पोरांनी फोटो काढले. फोटोत आम्ही सगळे पुरुष ओळीने उभे. महिला मंडळाच्या बाया कुठे, म्हणून पाहिले तर त्या मागच्या बाजूला गंज घासत होत्या. सकाळी जाजम अंथरले त्यांनी, खीर शिजवली त्यांनी, वाढली त्यांनी. एका बाईला म्हटले, "बाई, या ना फोटोत." ती म्हणाली, "भाऊ, गंज कोण घासन मंग?" मला उत्तर देता आले नाही. मीही हातातली वाटी तिथेच ठेवून घरी आलो, हे कबूल करतो.

भगवान बुद्धांच्या काळात श्रावस्तीची विशाखा होती. तिने भगवंतांकडे आठ वर मागितले. एकही स्वतःसाठी नव्हता. येणाऱ्या भिक्खूला जेवण, जाणाऱ्याला जेवण, आजाऱ्याला पथ्य आणि औषध, त्याची शुश्रूषा करणाऱ्याला जेवण, पावसाळ्यात चीवर, भिक्खुणींना स्नानवस्त्र, अशा या मागण्या. पहा, आजाऱ्याजवळ बसणारा स्वतः उपाशी राहतो, हे त्या बाईच्या लक्षात आले! ज्याने घरातले दुखणे काढले त्यालाच हे कळते. तिच्या नावाने आजही आपण उपासिकेचा गौरव करतो. म्हणजे सेवा करणारी बाई आपल्या परंपरेत नवी नाही. पण या लेखात मला सांगायची आहे ती गोष्ट त्याच्या पुढची आहे. सेवा करणाऱ्या बाईला बसायला जागा कोणती, हा प्रश्न आपल्या चळवळीतल्या बायांनी कसा सोडवला, त्याची ही हकीगत आहे.

सुरुवात पुण्यापासून करू. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांची शाळा सर्वांना ठाऊक आहे. १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली, हे आपल्या वस्तीतले लहान मूलसुद्धा सांगेल. पण त्यांनी महिला सेवा मंडळ काढले होते हे किती जणांना माहीत आहे? बायांना आपल्या हक्कांची जाणीव व्हावी, त्यांनी एकत्र यावे, यासाठी ते मंडळ होते आणि त्याचा कारभार सावित्रीबाई पाहत. १८५२ च्या जानेवारीत मंडळाने तिळगुळाचा समारंभ ठरवला. पुण्याच्या कलेक्टरची पत्नी जोन्सबाई अध्यक्ष होत्या. समारंभाची जी सूचना काढली तिच्यात एक गोष्ट स्पष्ट लिहिली होती, की कोणत्याही जातीच्या स्त्रिया येवोत, सर्वांना एकाच जाजमावर बसवले जाईल आणि कुणाचाही पक्षपात न करता सर्वांना सारखेच हळदीकुंकू व तिळगूळ दिला जाईल.

आज आपण हळदीकुंकू करीत नाही, ती गोष्ट वेगळी. पण १८५२ सालचे पुणे डोळ्यांसमोर आणा. पेशवाई जाऊन जेमतेम चौतीस वर्षे झालेली. आपल्या माणसाची सावलीसुद्धा चालत नव्हती असे ते शहर. तिथे महार-मांगांची बाई आणि ब्राह्मणाची बाई एका जाजमावर बसेल, असे एक एकवीस वर्षांची बाई आधी लिहून कळवते! आधी कळवले यालाच मी महत्त्व देतो. बाया आल्यावर बघू, कोण कुठे बसते ते, असे तिने ठेवले नाही.

सावित्रीबाईंच्या सेवेची पुढची हकीगत तर फार मोठी आहे. १८६३ साली विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तिथे आलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा फुले दांपत्याने दत्तक घेतला, तोच यशवंत, पुढे डॉक्टर झाला. १८७६-७७ च्या दुष्काळात त्यांनी उपाशी मुलांसाठी अन्नछत्रे चालवली. १८९७ साली पुण्यात प्लेग आला, तेव्हा डॉक्टर यशवंताने गावाबाहेर हडपसरच्या बाजूला माळावर दवाखाना मांडला आणि सावित्रीबाई तिथे रोग्यांना आणून पोचवू लागल्या. वय सहासष्ट. मुंढव्याच्या गायकवाडांचे पोर प्लेगने पडले आहे हे कळताच त्यांनी ते पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. तो रोग त्यांना लागला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या मुलाला पाठीवर आणले ते पोर आपल्या समाजाचे, महारवाड्यातले होते. हे मी मुद्दाम लिहितो, कारण आपल्या पोरांना सावित्रीबाईंची जयंती माहीत असते, पण त्यांचा मृत्यू कशाने झाला ते माहीत नसते.

आता पुण्याहून आपल्या विदर्भात येऊ. सावित्रीबाई गेल्या तेव्हा नागपुरात पाच-एक वर्षांची एक मुलगी होती, जाई. १८९२ सालचा जन्म, गाव उमरेड. १८९६ च्या दुष्काळात पोट भरेना म्हणून घरदार सोडून कुटुंब नागपूरला आले. दुष्काळ म्हणजे काय ते आपल्या यवतमाळ जिल्ह्याला सांगायला नको. नवव्या वर्षी, १९०१ साली, तिचे लग्न झाले. नवऱ्याचे नाव बापूजी चौधरी. गरिबी इतकी, की जाईबाईंनी नागपूर-कामठीच्या दरम्यान लोकांचे सामान डोक्यावर वाहून नेण्याची हमाली केली. बाईमाणूस आणि हमाली! पण आपल्या आयांनी काय काय वाहिले नाही? शेण वाहिले, विटा वाहिल्या, कापसाचे बोचके वाहिले. जाईबाईंचे वेगळेपण पुढे आहे.

हे ओझे वाहत असताना ग्रेगरी नावाच्या एका मिशनरी बाईंशी त्यांची गाठ पडली. त्या बाईंनी जाईबाईंना मिशनच्या शाळेत शिकवण्याचे काम मिळवून दिले. पगार महिना चार रुपये. डोक्यावरचा बोजा उतरला आणि हातात खडू आला. पण ही शिक्षिका अस्पृश्य जातीची आहे ही गोष्ट फुटली आणि वरच्या जातीच्या लोकांनी शाळेवर बहिष्कार घातला. आमची मुले महारणीच्या हातून शिकणार नाहीत! नोकरी गेली.

इथे दोन वाटा होत्या. एक परत ओझे वाहण्याची. जाईबाईंनी दुसरी धरली. नागपुरात किसन फागूजी बनसोडे यांनी आपल्या मुलींच्या शिक्षणाचे काम आधीच आरंभले होते आणि आपल्या वस्त्यांत जागृती होती. जाईबाईंनी १९२२ साली नव्या वस्तीत संत चोखामेळा कन्या शाळा काढली. लक्षात घ्या, बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली ती १९२४ साली. त्याच्या दोन वर्षे आधी नागपुरात एक हमाल बाई आपल्या समाजातल्या मुलींसाठी शाळा चालवीत होती.

शाळा काढणे म्हणजे काय, हे ज्याने वस्तीत रात्रीचा वर्ग चालवला आहे त्याला विचारा. फळा मिळतो, खडू मिळतो, कंदीलही मिळतो. पोरी मिळत नाहीत. आई म्हणते, पोरगी शाळेत गेली तर लहान लेकराला कोण पाहील? बाप म्हणतो, शिकून काय कलेक्टर होणार आहे? मी स्वतः आपल्या वस्तीत असा वर्ग चालवायचा प्रयत्न केला होता, तो आठ महिन्यांत बंद पडला. दोष कुणाचा नाही, माझीच चिकाटी कमी पडली. म्हणून १९२२ चे साल वाचले, की मला त्या शाळेच्या उद्घाटनाचे अप्रूप वाटत नाही. दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या वर्षी ती शाळा उघडी होती, याचे वाटते. दारोदार जाऊन पोरी गोळा करणे, हे काम त्या काळी कुणी पगार देऊन करून घेत नव्हते. ते आपल्याच बायांनी आपल्याच पायांनी केले.

जाईबाई शाळेपुरत्या थांबल्या नाहीत. ऑगस्ट १९३० मध्ये नागपूरला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली दलित वर्गाची अखिल भारतीय परिषद भरली. त्याच वेळी आपल्या स्त्रियांचीही परिषद झाली. तुळसाबाई बनसोडे, म्हणजे किसन फागूजींच्या पत्नी, तिथे होत्या. जाईबाईंनी तिथे मुलींच्या शिक्षणाचा प्रश्न मांडला. पुरुषांच्या मांडवाशेजारी बायांचा स्वतंत्र मांडव, स्वतंत्र अध्यक्ष, स्वतंत्र ठराव, ही पद्धत नागपूरने पाडली असे म्हणायला हरकत नाही.

आणि आता जाजमाची गोष्ट पुन्हा येते. डिसेंबर १९३७ मध्ये नागपूरला अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन भरले. ही मोठी संस्था. हिचा पहिला मेळावा १९२७ साली पुण्यात झाला होता. शिकलेल्या, पुढारलेल्या, चांगल्या घरच्या बाया तिच्यात होत्या. स्त्रीशिक्षण, बालविवाह, स्त्रियांचा वारसाहक्क, यांवर त्या बोलत आणि चांगले बोलत, हे नाकारू नये. जाईबाईंना आणि आपल्या इतर भगिनींना तिथे बोलावणे होते. त्या गेल्या. सभेत बसल्या. स्त्री-पुरुष समतेवरची भाषणे ऐकली. मग जेवणाची वेळ झाली आणि आपल्या बायांना वेगळे बसवण्यात आले.

सावित्रीबाईंनी एक जाजम अंथरले त्याला पंचाऐंशी वर्षे झाली होती. पंचाऐंशी वर्षांनंतर, बायांच्याच परिषदेत, बायांनीच बायांना वेगळे बसवले.

जाईबाई काय करू शकत होत्या? गुपचूप जेवून घरी येता आले असते. बोलावले हेच पुष्कळ झाले, असे म्हणणारी माणसे आपल्यात तेव्हाही होती आणि आजही आहेत. रागाने ताट सारून उठूनही येता आले असते, त्याने एका दिवसाची चर्चा झाली असती. जाईबाई आणि त्यांच्या सहकारी भगिनींनी चार दिवसांच्या आत, १ जानेवारी १९३८ रोजी, आपल्या बायांची निषेधाची मोठी सभा घेतली. झाल्या प्रकाराचा जाहीर निषेध केला आणि आपल्या बायांनी आपली संघटना आपणच उभी करायची, हा विचार पक्का केला. चार दिवसांत सभा! टेलिफोन नाही, मोटार नाही. हे कसे जमले असेल? माझे मत असे, की जी बाई सोळा वर्षे दारोदार जाऊन पोरी गोळा करते तिला वस्तीतले प्रत्येक दार माहीत असते. शाळेसाठी जे पाय झिजले ते सभेसाठी उपयोगी पडले.

काही जण म्हणतील, वेगळी संघटना काढून काय साधले? फूटच पडली ना? पण फूट कुणी पाडली, ज्यांनी पंगत वेगळी केली त्यांनी, की ज्यांनी ती वेगळी पंगत नाकारली त्यांनी?

या वाटेचे मोठे वळण म्हणजे जुलै १९४२. १८ आणि १९ जुलैला नागपूरच्या मोहन पार्कमध्ये दलित वर्गाची परिषद झाली, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा जन्म तिथेच झाला. २० जुलैला त्याच ठिकाणी महिला परिषद. वीस-पंचवीस हजार बाया जमल्याचे सांगतात. अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. अमरावती म्हणजे आपले वऱ्हाड, आपली वणीही वऱ्हाडातलीच. त्यामुळे हा अभिमान आपण थोडा आपल्याकडे घ्यायला हरकत नाही. स्वागताचे काम कीर्तीबाई पाटील यांच्याकडे होते, चिटणीस इंदिराबाई पाटील. बाबासाहेब आले तेव्हा बायांची गर्दी पाहून त्यांना झालेला आनंद त्यांच्या भाषणात दिसतो. समाज किती पुढे गेला हे मी त्या समाजातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, या अर्थाचे ते बोलले. स्वच्छ रहा, मुलांना शिकवा, लग्नाची घाई करू नका, आणि नवऱ्याची मैत्रीण म्हणून बरोबरीने उभ्या रहा, गुलाम होऊ नका, असेही त्यांनी सांगितले.

जाता जाता एक योगायोग. त्याच महिन्यात बाबासाहेबांची व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री म्हणून नेमणूक झाली. त्या मंडळात आपल्या वणीत जन्मलेले लोकनायक बापूजी अणे आधीपासून होते. अण्यांचे नाव वणीचा प्रत्येक माणूस घेतो आणि घ्यावेही. सुलोचनाबाईंचे नाव आपल्या वस्तीत किती जण घेतात?

त्या परिषदेचे ठराव वाचण्यासारखे आहेत. स्त्रीला काडीमोड घेण्याचा हक्क असावा. एका पुरुषाने अनेक बायका करण्याची चाल कायद्याने बंद करावी. मुलींसाठी सरकारी खर्चाने वसतिगृहे काढावीत. कायदेमंडळांत आणि स्थानिक संस्थांत स्त्रियांना जागा राखून ठेवाव्यात. आपल्या स्त्रियांची अखिल भारतीय संघटना स्थापन करावी. यातल्या पहिल्या दोन मागण्या ज्यांच्यासमोर झाल्या तेच बाबासाहेब पुढे कायदामंत्री म्हणून हिंदू कोड बिल घेऊन उभे राहिले आणि ते मंजूर होत नाही म्हणून सप्टेंबर १९५१ मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडले. १९५५ साली विवाहाचा कायदा झाला, त्यात दोन्ही गोष्टी आल्या. तो कायदा आपल्या बौद्धांनाही लागू आहे. म्हणजे कोर्टात न्याय मागणाऱ्या आपल्या मुलीच्या पाठीशी मोहन पार्कमधल्या त्या बायाही आहेत. हिंदू कोड बिलाबद्दल बोलताना आपण बाबासाहेबांचा त्याग सांगतो तो योग्यच. पण बायांनी नऊ वर्षे आधी ते मागितले होते, हेही सांगायला पाहिजे.

एक ठराव मला गिरणीतला माणूस म्हणून जवळचा वाटतो. या परिषदेत नागपूरच्या गिरणी कामगार राधाबाई कांबळे बोलल्या. बाया गिरणीत काय सोसतात ते त्यांना ऐकून नव्हे, भोगून माहीत होते. मागणी अशी, की गिरणीत, विडीत, रेल्वेत काम करणाऱ्या बायांना वर्षाला एकवीस दिवसांची किरकोळ रजा आणि एक महिन्याची हक्काची रजा मिळावी, कामावर इजा झाली तर भरपाई मिळावी, म्हातारपणी पेन्शन मिळावे. बायांच्या कामावर देखरेख करायला पुरुष नको, बाईच असावी, हाही मुद्दा होता. यातली गोम ज्याने खाते पाहिले त्यालाच कळेल. जॉबर म्हणजे काय, हजेरी त्याच्या हातात, बदली त्याच्या हातात. बाईने मान वर करून पाहिले तर उद्या काम नाही आणि मान खाली घातली तरी सुटका नाही. त्या काळी हे बोलायला तोंड नव्हते. राधाबाईंनी आणि परिषदेने ते ठरावाच्या भाषेत मांडले.

इजेच्या भरपाईचा कायदा १९२३ सालीच झाला होता. तरी १९४२ मध्ये ती मागावी लागते, याचा अर्थ कायदा होता, हातात काही पडत नव्हते. पुढे १९४८ साली कामगार विम्याचा कायदा झाला. आजारपण, बाळंतपण, इजा, सगळ्यांची त्यात सोय होती. परंतु हंगामी कारखान्यांना तो लागू नव्हता, आणि हंगामी कारखाना म्हणजे कोणता, तर त्या यादीत कापसाचे जिनिंग-प्रेसिंग नाव घेऊन घातलेले होते. आमच्या भागातल्या कितीतरी बायांचे आयुष्य जिनात गेले. दिवाळीनंतर जिन सुरू व्हायचा, उन्हाळ्यापर्यंत रेच्यावर कापूस टाकायचा, नाकातोंडात रुईचे तंतू, रात्रभर खोकला. नागपूरच्या मिलमधल्या बाईला कार्ड होते, दवाखाना होता. जिनातल्या रेजाला काही नाही. मिलही राहिली नाही म्हणा, एम्प्रेस मिल २००२ साली कायमची बंद झाली. पण मोहन पार्कमध्ये मागितलेली रजा जिनातल्या बायांच्या वाट्याला आली नाही, एवढे खरे.

आता आपल्या वणीकडे येतो. १९५६ च्या ऑक्टोबरात १४ तारखेला नागपूरला आणि १६ तारखेला चांद्याला धम्मदीक्षा झाली. नागपूरपेक्षा चांदा आपल्याला जवळ. माझी आजी बैलगाडीने चांद्याला गेली होती. लहानपणी मी तिला विचारायचो, बाबासाहेब कसे दिसत होते? ती म्हणायची, "दुरून दिसले रे, गर्दी लय होती." मग ती दुसरेच सांगायची. तिच्या कडेवर माझा बाप होता आणि त्याला ताप आला होता. पांढरे लुगडे नेसलेली एक बाई गर्दीत पाणी देत फिरत होती. तिने पोराच्या कपाळाला हात लावला, आपल्या पदराची ओली पट्टी ठेवली आणि गर्दी कमी होईपर्यंत आजीजवळ बसून राहिली. आजीला तिचे नाव माहीत नव्हते. विचारले नाही, म्हणाली. मरेपर्यंत आजीने दीक्षेची गोष्ट सांगितली ती त्या बाईसकट.

अशा किती बाया होत्या? दीक्षेनंतर गावोगावी वंदना पाठ कुणी केली आणि करून घेतली? घरातले जुने देव बाहेर काढायला छाती कुणाची लागली? पुरुषांनी भाषणे केली, पण देव्हारा बाईच्या हातात होता. विहाराच्या बांधकामाला सिमेंटचे पैसे कुणी दिले त्यांची नावे आपण फरशीवर कोरतो. ज्यांनी कापूस वेचून आल्यावर संध्याकाळी विटा उचलून दिल्या त्यांची नावे कुठे आहेत? मी जुन्या कार्यक्रमपत्रिका काढून पाहिल्या. त्यांत महिला मंडळाचा उल्लेख आहे तो आभाराच्या शेवटच्या ओळीत, आणि नावे आहेत ती नवऱ्याच्या नावाने. सौ. अमुक तमुक. तिचे स्वतःचे नाव काय, ते मलाही काही जणींच्या बाबतीत विचारावे लागले, आणि त्या माझ्या शेजारी तीस वर्षे राहतात.

जाईबाईंचे नाव तरी कसे उरले? ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघी भगिनी गावोगावी फिरल्या, म्हाताऱ्या कार्यकर्त्या बायांना भेटल्या, त्यांच्या आठवणी टिपून घेतल्या आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक झाले. त्यांनी तसे केले नसते, तर मोहन पार्कच्या पंचवीस हजार बाया हा नुसता एक आकडा राहिला असता. आपल्या वणीत असे कुणी फिरलेले नाही.

म्हणून समितीपुढे मी एक सूचना ठेवली आणि ती मान्य झाली आहे. महिला मंडळाच्या वहीत यापुढे प्रत्येक बाईचे नाव तिच्या स्वतःच्या नावाने लिहायचे. वस्तीतल्या ज्या आजीबाईंनी दीक्षेचे दिवस पाहिले आहेत किंवा आपल्या आईकडून ऐकले आहेत, त्यांच्या आठवणी रविवारी दुपारी विहारात लिहून घेण्याचे काम दोन कॉलेजच्या मुलींनी अंगावर घेतले आहे. ज्यांच्या घरी जुना फोटो, सभेची पत्रिका, पावती किंवा मंडळाच्या जुन्या वहीचे एखादे पानही असेल, त्यांनी ते दाखवायला आणावे. नक्कल करून मूळ परत दिले जाईल. आणि पुढच्या पौर्णिमेला गंज घासायला आम्ही सहा पुरुष आहोत, नावे मी फळ्यावर लिहून ठेवली आहेत, आणखी कुणाला लिहायचे असेल तर खडू तिथेच आहे.